कोकणातल्या साठ पावसाळ्यांत टिकलेला रंधा अमेरिकेतल्या एका हिवाळ्यात कसा गंजला?

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो. नोकरी कॉम्प्युटरची, पण जीव सुतारकामात. त्याचे आजोबा राजापूरकडे सुतार होते. मागच्या खेपेला भारतात आला तेव्हा आजोबांचा रंधा आणि चार पटाश्या कपड्यांत गुंडाळून बॅगेतून घेऊन गेला. घराच्या गॅरेजमध्ये त्याने छोटं वर्कशॉप थाटलंय, तिथे त्या मानाने मांडून ठेवल्या.

फेब्रुवारीत त्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. रंध्याचं पातं भगवं झालं होतं. पटाश्यांवर गंजाचे ठिपके. खाली एकच ओळ : "साठ पावसाळे काढले रे यांनी. आणि इथे तर हिवाळाभर पाऊसच नाही!"

प्रश्न रास्त आहे. कोकणातला जुलै म्हणजे कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, चपलांना बुरशी येते. तिथे जे लोखंड टिकलं, ते बर्फाच्या कोरड्या प्रदेशात चार महिन्यांत का गंजावं?

उत्तर शोधताना आम्ही दोघांनी बरंच वाचलं, थोडी आकडेमोड केली, आणि त्याच्या गॅरेजमध्ये नेमकं काय चुकत होतं ते सापडलं. बर्फाळ देशात गॅरेजमध्ये हत्यारं, सायकल किंवा शिलाई मशीन ठेवणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल. आणि यातली एक गोष्ट तर थेट जिवाशी संबंधित आहे.

आधी हे गॅरेज म्हणजे काय ते पाहू

आपल्याकडे गॅरेज म्हणजे मेकॅनिकचं दुकान. अमेरिकेत आणि कॅनडात गॅरेज म्हणजे घराला चिकटलेली, गाडी ठेवायची मोठी खोली. दोन गाड्यांचं गॅरेज साधारण 6 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद असतं. मुंबईत एवढ्या जागेत एक कुटुंब राहतं, पण ते असो. त्यातच एका कोपऱ्यात लोक आपलं वर्कशॉप मांडतात. ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी 1939 मध्ये कंपनी सुरू केली ती अशाच एका गॅरेजमधून. पण ते होतं कॅलिफोर्नियातल्या पॅलो अल्टोला. तिथे बर्फ पडत नाही!

मिनियापोलिसला वर्षाला सरासरी सव्वा मीटरहून जास्त बर्फ पडतो. जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे 13 अंशांच्या आसपास असतं. बऱ्याच गॅरेजना घरासारखं हीटिंग नसतं. खाली काँक्रीटचा कोबा, समोर पत्र्याचा मोठा दरवाजा, आणि भिंती नावापुरत्या.

थंड हवा दमट नसते, उलट कोरडी असते

हवेत किती बाष्प मावेल हे तापमानावर ठरतं. 30 अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. 10 अंशांवर ते 9.4 ग्रॅमवर येतं. आणि उणे 10 अंशांवर? जेमतेम सव्वादोन ग्रॅम.

म्हणजे जुलैतल्या कोकणात घनमीटरभर हवेत 22-23 ग्रॅम पाणी असतं, तर मिनियापोलिसच्या थंडीतल्या हवेत त्याच्या दहाव्या भागाइतकंही नसतं. बाहेर बर्फाचे ढीग असतील, पण हवा वाळवंटासारखी असते. तिथल्या लोकांचे ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, ते यामुळेच.

मग गॅरेजमध्ये पाणी आलं कुठून? तर ते बाहेरच्या हवेतून आलंच नाही. भावानेच ते आत आणलं होतं, तेही तीन वाटांनी.

पहिली वाट : गाडी

बर्फातून आलेल्या गाडीच्या चाकांवरच्या पोकळीत, खालच्या बाजूला आणि टपावर बर्फ घट्ट बसलेला असतो. गाडी गॅरेजमध्ये शिरते, इंजिनाच्या उष्णतेने तो वितळतो आणि रात्रभर कोब्यावर ठिबकत राहतो. 10 किलो बर्फ म्हणजे 10 लिटर पाणी. दोन गाड्या असतील तर दुप्पट, आणि हे रोज.

आता गंमत बघा. त्या गॅरेजमध्ये साधारण 90 घनमीटर हवा असते. 10 अंश तापमानाला ती पूर्ण भरून जाईपर्यंत बाष्प घातलं, तरी त्यात एक लिटरहून कमी पाणी मावतं. आणि गाडीने आणलंय 10 लिटर. म्हणजे कोब्यावरचं ते थारोळं आतली हवा ओली ठेवायला आठवडाभर पुरतं.

शिवाय ते पाणी नुसतं पाणी नसतं. तिकडे रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते सगळं चाकांबरोबर घरी येतं. पावसाळ्यात आपल्याकडची मीठदाणी ओलसर होते आणि आई त्यात तांदळाचे दाणे टाकते, आठवतंय ना? कारण हवेत 75 टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. काही रस्त्यांवर मिठाऐवजी कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ती तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतूनही पाणी शोषतात. त्यामुळे कोबा वाळल्यासारखा दिसला तरी मिठाचा थर ओल धरून राहतो. खाऱ्या ओलीत लोखंड किती झपाट्याने गंजतं, हे समुद्राकाठच्या खिडकीचे गज बघितलेल्या माणसाला सांगायला नको.

दुसरी वाट : हीटर

भावाची ही चूक सगळ्यात मोठी, आणि सगळ्यात जास्त लोक करतात तीही हीच.

थंडी वाजते म्हणून त्याने प्रोपेन गॅसवर चालणारा, धुराडं नसलेला एक हीटर आणला. दर शनिवारी सकाळी तो लावायचा, चार तास काम करायचा, बंद करून घरात जायचा.

गॅस जळला की उष्णता मिळते, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पाणीही तयार होतं. हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. 1 किलो प्रोपेन जळला की 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. जास्त कसं? कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. आपल्या स्वयंपाकघरातलं 14.2 किलोचं सिलिंडर रिकामं होईपर्यंत घरात सुमारे 22 लिटर पाण्याची वाफ सोडतं, हे मला स्वतःला हिशेब करेपर्यंत खरं वाटत नव्हतं.

भावाचा हीटर 30 हजार बीटीयूचा. तो तासाला साधारण एक लिटर पाणी गॅरेजमध्ये ओतत होता. चार तासांत चार लिटर. त्याला वाटत होतं, हीटर लावल्याने जागा कोरडी राहतेय. रॉकेलच्या हीटरचंही हेच. धुराडं नसलेला, ज्योतीवर चालणारा कुठलाही हीटर पाणी तयार करतोच.

आता ही जिवाची गोष्ट. असा हीटर बंद जागेत नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार आगीशी संबंध नसलेल्या, अपघाताने झालेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने त्या देशात दरवर्षी 400 हून जास्त माणसं मरतात. गाडी 'जरा गरम होऊ दे' म्हणून गॅरेजमध्ये चालू ठेवणं तितकंच धोक्याचं. दरवाजा उघडा असला तरीही, कारण धूर घरात शिरायला आतला दरवाजा असतोच. तुमचं कुणी तिकडे असेल तर गॅरेजला लागून असलेल्या खोलीत आणि झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, एवढं आजच विचारा. लेखाचा बाकीचा भाग नंतर वाचलात तरी चालेल.

तिसरी वाट : जमीन आणि बाहेरचा ढीग

ही वाट त्यामानाने छोटी. जुन्या गॅरेजमध्ये कोब्याखाली प्लास्टिकचा कागद घातलेला नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल वर येते. तपासणं सोपं आहे. थंडी सुरू व्हायच्या आधी दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर ठेवा, चारी कडा टेपने पक्क्या बंद करा आणि किमान 16 तासांनी बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी जमिनीतून येतंय. वरच्या बाजूला दिसले तर हवेतून.

फावड्याने काढलेला बर्फ गॅरेजच्या भिंतीलाच लावून ठेवायची सवयही वाईट. वितळला की तो भिंतीच्या खालच्या सांध्यातून आत येतो.

पण पातं गंजलं ते शनिवारमुळे

पाणी आत आहे हे कळलं. ते नेमकं रंध्यावर का बसलं?

फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली की बाहेरून तिला घाम सुटतो. बाटली गळत नसते, खोलीतल्या हवेतलं बाष्प गार काचेवर पाणी होऊन बसतं. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. 10 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिचा दवबिंदू अडीच अंशांच्या आसपास येतो. त्याहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूला घाम सुटणार.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये सगळं उणे 8 वर असतं. हीटर लागतो. अर्ध्या तासात हवा 10 अंशांवर जाते. हवेचं सगळं वजन असतं जेमतेम 115 किलो, तिला गरम व्हायला काय वेळ लागतो? पण खालचा कोबा साडेआठ टनांचा. टेबल सॉचं बीडाचं टेबल, बाकावरचा शिकंजा, रंध्याचं पोलादी पातं, हे सगळं अजून गोठलेलंच असतं. तोवर हीटरने अर्धा लिटर पाण्याची वाफ सोडलेली असते आणि कोब्यावरचं थारोळं उडू लागलेलं असतं. सगळी ओल जाऊन बसते त्या गार लोखंडावर.

भाऊ दुपारी हीटर बंद करून जेवायला जातो. हवा परत गार होते, उरलेलं बाष्पही लोखंडावर उतरतं आणि गोठतं. पुढच्या शनिवारी ते वितळतं, वर नवीन थर. असे दहा-बारा शनिवार. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली तरी लोखंड गंजायला लागतं, इथे तर त्याला आठवड्यातून एकदा आंघोळ घातली जात होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. जानेवारीच्या शेवटी त्याच्या गॅरेजच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं होतं. त्याने छप्परवाल्याला बोलावलं. छप्परवाल्याने वर चढून बघितलं, छप्पर शाबूत. आतून बघितल्यावर कळलं, छताच्या लाकडातून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढरं दव गोठलं होतं. महिनाभराची वाफ वर जाऊन तिथे साचत होती. पहिला उबदार दिवस आला आणि सगळे खिळे एकदम गळायला लागले. गॅरेजमध्ये असा 'पाऊस' दिसला तर छप्पर बदलायच्या आधी खिळे बघा.

मग करायचं काय?

पहिलं काम फुकटातलं आहे. पाणी वाफ व्हायच्या आधीच बाहेर काढा, आणि बर्फ पाणी व्हायच्या आधी. गाडी आत घेण्यापूर्वी ब्रशने चाकांवरचा, टपावरचा बर्फ झाडून टाका. उणे 10 मध्ये तो कोरडा असतो, पिठासारखा झडतो. आत जे वितळेल ते रात्री झोपण्यापूर्वी लांब दांड्याच्या वायपरने दरवाजाबाहेर ढकला. अमेरिकेत गॅरेजच्या कोब्याला दरवाजाकडे किंवा मोरीकडे उतार देण्याचा बांधकाम नियमच आहे. फक्त दरवाजाखालच्या रबरी पट्टीशी पाणी गोठू देऊ नका. पट्टी कोब्याला चिकटते आणि सकाळी मोटरने दरवाजा उचलला की फाटते. उतार नसेल तर गाडीखाली पसरायच्या, कडा उचललेल्या रबरी चटया मिळतात. त्यात पाणी साठतं, ते ओतून टाकायचं. आठवड्यातून एकदा मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा.

दुसरं काम ऐकून भावाची बायको हसली. कडाक्याच्या थंडीत गॅरेजचा दरवाजा पाच-दहा मिनिटं सताड उघडा ठेवा! बाहेरची हवा कोरडी आहे ना? आतली 10 अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची हवा जाऊन बाहेरची उणे 10 ची हवा आली, तर एका फेरीत जवळजवळ 400 ग्रॅम पाणी बाहेर जातं. उष्णता फार वाया जात नाही, कारण ती हवेत थोडी आणि भिंती-कोब्यात जास्त असते.

पण याच हिशेबाने एक लक्षात येईल. हवेवाटे 10 लिटर पाणी घालवायला असा दरवाजा पंचवीस वेळा उघडावा लागेल. तेच पाणी वायपरने दोन मिनिटांत जातं. म्हणून वायपर आधी, दरवाजा नंतर.

हीटर बदलणं हे खर्चाचं काम, पण टाळता न येणारं. विजेवर चालणारा हीटर किंवा हीट पंप पाणी तयार करत नाही. गॅसचाच हवा असेल तर ज्याचा धूर पाइपने बाहेर जातो असाच. आणि मग एक काय ते ठरवा : गॅरेज सतत 6-8 अंशांवर ठेवायचं, की थंडच ठेवायचं. सतत हलकी ऊब असेल तर लोखंड कधी दवबिंदूखाली जात नाही. पूर्ण थंड आणि कोरडं असेल तरीही फारसं बिघडत नाही. सगळ्यात वाईट आहे ते मधलं, आठवड्यातून एकदा गरम करणं. वीज परवडत नसेल तर हत्यारं घरात ठेवा आणि कामापुरती बाहेर न्या. उलट बाजूही सांभाळा. गाडीत रात्रभर गोठलेली हत्यारं आत आणली तर पिशवी लगेच उघडू नका, दोन-तीन तास बंदच राहू द्या. घाम पिशवीला सुटेल, हत्यारांना नाही.

डीह्युमिडिफायर घ्यायचा झाला तर जपून. दुकानात दिसणारे बहुतेक कॉम्प्रेसरवाले असतात. 15 अंशांच्या खाली त्यांच्या नळ्यांवर बर्फ साचतो आणि ते नुसते गुरगुरतात. थंड जागेसाठी सिलिका जेलसारख्या शोषक चाकावर चालणारे वेगळे येतात. कपाटात टांगायच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या मात्र हत्यारांजवळ नकोत. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. खाली साचलेलं पाणी खारं असतं आणि ते सांडलं तर गंजाला आमंत्रणच.

तेल, मेण आणि कापूर

बीडाच्या टेबलाला सिलिकॉन नसलेलं घट्ट मेण चोळावं. सरकणाऱ्या लाकडालाही त्याचा फायदा होतो. सगळ्यांच्या घरी असणाऱ्या डब्ल्यूडी-40 चं काय? ते 1953 मध्ये सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने पाणी हटवण्यासाठी बनवलं. नावातला 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. ओलं झालेलं हत्यार तात्पुरतं वाचवायला ते छान, पण त्याचा थर पातळ असतो, हिवाळाभर पुरत नाही.

जुने अमेरिकी कारागीर हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवायचे. होय, आरतीचा कापूर. तो हळूहळू उडतो आणि त्याचा पातळ थर धातूवर बसतो असं मानतात. भावाने देवघरातल्या डबीतल्या दोन वड्या टाकल्या आहेत. बघू.

आणि आजोबांचं रहस्य काय होतं? मी मावशीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "रहस्य कसलं रे, खोबरेल लावायचे आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचे." म्हणजे कोकणातली हवा ओलीच होती, पण लोखंड कायम तिच्यापेक्षा चार-पाच अंश गरम. दवबिंदूखाली ते कधी गेलंच नाही. भावाने आता तेच केलंय. लाकडी कपाट, दाराला रबरी पट्टी, आणि तळाशी त्यासाठीच मिळणारी कमी वॉटची तापणारी दांडी. साधा बल्ब चालला असता, पण एलईडी पुरेसा तापत नाही आणि जुना पिवळा बल्ब कपाटात भुशाजवळ ठेवणं आगीला निमंत्रण. खोबरेल मात्र तिथे चालत नाही, 24 अंशांखाली थिजतं.

आता मार्च-एप्रिलचा घोळ तेवढा उरतो. हिवाळाभर शिस्तीत राहिलेले लोक इथे फसतात. बाहेर 8 अंश होतात, झिमझिम पाऊस येतो, बरं वाटतं म्हणून गॅरेज उघडून ठेवतात. कोबा आणि लोखंड अजून शून्याजवळ असतं आणि बाहेरची हवा आता ओली. दहा मिनिटांत टेबल सॉवर पाणी. म्हणून भावाने दाराशी एक आर्द्रतामापक लावलाय, बाहेर एक थर्मामीटर, आणि बीडाच्या टेबलावर ठेवायला तिसरा. बाहेरचा दवबिंदू टेबलाच्या तापमानापेक्षा खाली असेल तरच दरवाजा उघडायचा. दवबिंदू त्याच्या फोनमधल्या हवामानाच्या अॅपवर दिसतो.

रंध्याचं पातं त्याने बारीक पॉलिश पेपरने घासून, धार लावून परत बसवलंय. पाठीवर दोन खड्डे राहिलेत. ते जाणार नाहीत.